गार इंजिनाची साक्ष

धुळ्याला आग्रा रोडवर पांझरेचा पूल ओलांडला की गॅरेजांची रांग लागायची. जमीन तेल पिऊन काळी झालेली, जिकडेतिकडे टायर पडलेले, आणि त्यातच एक दुकान असं, की चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नाही. ते कौतिक मिस्तरीचं. आत शहाबादी फरशी, रोज दोनदा पुसलेली. खिडकीला ओली चादर. ड्रायव्हर लोक म्हणायचे, देवळात एखाद्या वेळी चुकून चपलेनं जाऊ, पण कौतिकनानाच्या खोलीत नाही.

कारणही तसंच होतं. मिस्तरी इंजिन उघडत नसे, गिअर काढत नसे. तो फक्त डिझेल पंपाचा माणूस. ट्रकच्या इंजिनाच्या कुशीला बिलगून एक पंप बसवलेला असतो. टाकीतलं डिझेल तो थेंबाथेंबानं मोजतो आणि प्रचंड दाबानं एकेका सिलिंडरकडे पाठवतो. त्याच्या पोटात बोटाएवढे पोलादी दट्टे असतात, आणि प्रत्येक दट्टा आपापल्या नळीत इतका नेमका बसलेला, की मधून केस जाणार नाही. या जोडीला म्हणायचं एलिमेंट. त्यात धुळीचा कण गेला की संपलं. म्हणून फरशी, म्हणून चादर, आणि म्हणूनच मिस्तरीची सगळ्या जगावर चाललेली आरडाओरड.

त्याचं मूळ गाव नरडाण्याजवळचं. घरी कापूस-बाजरीची शेती आणि विहिरीवर एक ऑइल इंजिन. ते इंजिन बापाशी कधी सरळ वागलं नाही आणि कौतिकशी कधी वाकडं वागलं नाही. तेवढ्यावरून बाप समजला, की हा औताच्या कामाचा नाही. मग सात वर्षं मालेगावच्या एका उस्तादाच्या हाताखाली काढली आणि एकोणसत्तर साली धुळ्यात स्वतःची खोली घेतली. लग्नानंतर ताईबाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की भाकरीला डिझेलचा वास आलेला मी खपवून घेणार नाही. तेव्हापासून मिस्तरी जेवायच्या आधी लिंबाच्या सालीनं हात घासायचा. बाहेर वाघ असलेल्या माणसाला घरात एवढं ऐकावंच लागतं.

त्याच्या हातात जादू होती असं लोक म्हणत. जादू वगैरे काही नव्हती, बोट होतं. उजव्या हाताची तर्जनी. एलिमेंट डिझेलमध्ये बुडवायचं, दट्टा अर्धा वर ओढायचा, नळीची भोकं बोटानं दाबायची आणि दट्टा आपल्या वजनानं किती हळू खाली उतरतो ते बघायचं; जितका हळू, तितकी जोडी घट्ट. मिस्तरी बघतसुद्धा नसे. डोळे मिटून घ्यायचा आणि सांगायचा, हे ठेव, ते फेक. पंप तयार झाला की तारेला शिशाचं सील ठोकायचा, त्यावर ‘क’. जळगावपासून मालेगावपर्यंत त्या ‘क’ला मान होता. सील बघून भांडणं मिटायची.

आता गॅरेजांच्या त्या रांगेतला एक रिवाज सांगितला पाहिजे. गाडी आली की आधी बंद करायची. बॉनेट उघडून ठेवायचं, ड्रायव्हरला लिंबाखाली बसवायचं, चहा सांगायचा, गावाकडची खबरबात विचारायची आणि इंजिन गार झालं की मगच पाना हातात घ्यायचा. खानदेशातल्या चैत्र-वैशाखात तापलेल्या इंजिनाजवळ नुसतं उभं राहिलं तरी तोंड भाजतं, तिथं हात कोण घालणार? मिस्तरी म्हणायचा, “गरम इंजिनले आनि तापेल मानूसले हात लावू नही.” रिवाज शहाणपणाचा होता, आणि माणुसकीचाही. त्यात काही वाईट असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वैशाखात लीलाधर चौधरींचा ट्रक याच रिवाजानं त्या लिंबाखाली उभा राहिला.

लीलाधरभाऊ फैजपूरकडचे केळीवाले. स्वतःच्या बागा, आणि माल नाशिक-मुंबईकडे न्यायला स्वतःचा जुना ट्रक. त्यावर आठ वर्षांपासून भटू ड्रायव्हर होता. भटू पिंपळनेरचा, पस्तिशीचा, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. मार्गशीर्षात या ट्रकचा पंप कौतिक मिस्तरीनंच नव्या एलिमेंटवर बांधून दिला होता. थंडीभर गाडी हरणासारखी पळाली. चैत्र लागला आणि भटूची तक्रार सुरू झाली: गाडी एकदा तापली आणि बंद केली, की सुरू होत नाही. तासदोन तास थांबावं लागतं, मग मुकाट्यानं सुरू होते.

लीलाधरभाऊंनी सकाळी उठून स्वतः चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला इंजिन धडाडलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जळगावच्या एका मिस्तरीला दाखवलं, भुसावळच्या दोघांना दाखवलं. तिघांनीही बॉनेट उघडलं, चहा पाजला आणि नंतर पहिल्याच सेल्फला गाडी सुरू करून दाखवली. भटू बिचारा तोंडात मारल्यासारखा उभा. मग त्यानं गाडी बंद करणंच सोडून दिलं. केळी भरताना इंजिन चालू, जेवताना चालू, जकात नाक्यावर चालू. लोक येऊन भाऊंना सांगायचे, तुमचा ड्रायव्हर डिझेल जाळतो, नाहीतर विकतो तरी. भाऊ ऐकून घ्यायचे. आठ वर्षांचा माणूस होता.

पण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाल्यावरच्या खेपेला लळिंगच्या घाटाखाली टायर फुटला. जॅक लावायचा तर इंजिन बंद करणं भाग होतं. टायर बदलून झाला आणि गाडी काही उठेना. दुपारची वेळ, वर ताडपत्री, आत हिरवी केळी. चार तास गाडी त्या उन्हात उभी राहिली. नाशिकला ताडपत्री काढली तेव्हा केळी आतून उकडलेली होती. व्यापाऱ्यानं एक घडसुद्धा उतरवून घेतला नाही. आणि कुणीतरी भाऊंच्या कानावर घातलं, की तुमचा ड्रायव्हर लळिंगला झाडाखाली पिऊन पडला होता.

तर असे दोघे धुळ्याला आले. भाऊ केबिनमध्ये बाजूला बसलेले, भटू चालवतोय. गाडी मिस्तरीच्या दारात उभी राहिली तरी भटूनं इंजिन बंद केलं नाही. खाली उडी मारून तो आधी मिस्तरीकडेच धावला.

“नाना, बंद करू नका. गरम शे तव्हयच देखा. आते बंद करी का ती उठाव नही, तुमना डोयाले दिसी.”

मिस्तरी दारात हात पुसत उभा होता. “गरम इंजिनले मी हात लावत नही, तुले माहीत नही का? बंद कर आनि चहा पे.”

“नाना, एक डाव मनं ऐका.”

भाऊंना तेवढीसुद्धा ओढाताण सोसेना. त्यांनी स्वतः केबिनमध्ये हात घालून स्टॉपची तार ओढली. इंजिन गुरगुरून थांबलं. त्याच क्षणी कुणी चावी फिरवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण कुणी फिरवली नाही. चहा आला. भाऊंनी पावसापाण्याचं विचारलं, जळगाव-भुसावळचे हेलपाटे सांगितले, मिस्तरीनं केळीच्या बागांचं विचारलं. दोन तास गेले. भटूनं कप हातात धरून ठेवला होता, प्यायला नाही.

उन्हं कलल्यावर मिस्तरी उठला. फिल्टर बघितला, नळ्या बघितल्या, कुठं हवा घेते का ते तपासलं. पंपावरचं सील जसंच्या तसं, ‘क’ दिसतोय. मग सेल्फ मारला. पहिल्याच फेरीत इंजिन सुरू झालं, आणि आवाज असा की आजूबाजूचे मिस्तरीसुद्धा माना हलवायला लागले.

“नाना, आते थंडी व्हयनी ती,” भटू म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “लळिंगलोंग चालाडी देखा, तठे बंद करा. आनि एक सांगस. उन्हमा म्हैस बठी गई का तिना आंगवर पानी टाकतस ना? तशी शे हाई गाडी. बॉनेट उघाडीसन दोन बादल्या पानी मारं, का उठस. मी देखेल शे.”

सगळी रांग हसली. मिस्तरीही हसला, आणि हसू आवरत म्हणाला, “मंग म्हैसच घे ना! ट्रक कसाले हाकस?”

भटूनं जे सांगितलं होतं त्यात दुखण्याचं नावगाव सगळं होतं. फक्त म्हशीच्या भाषेत होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. मिस्तरीला तर कळायलाच हवं होतं. पण त्याच्या कानात काय शिरलं? हा माणूस माझ्या पंपाला नावं ठेवतोय. माझ्या सीलला. एकोणीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

लीलाधरभाऊ पुढं आले. “मिस्तरी, मी थकलो बापा आता. तुम्ही म्हणाल ते मी खरं मानतो. गाडीत खोट आहे का माणसात, तेवढं सांगून टाका.”

रांगेतली दहाबारा माणसं जमली होती. सगळे मिस्तरीच्या तोंडाकडे बघत होते.

“पंपाला माझं सील आहे, भाऊ. गाडीत खोट नाही.”

“मग?”

“मग काय? गाडीत नसली तर कुठं असणार, ते मी कशाला सांगू?”

एवढंच बोलला तो. याहून जास्त बोलायची गरजही नव्हती. भटूनं चावी बॉनेटवर ठेवली. सीटखालून आपला डबा आणि टॉवेल काढला, मिस्तरीला वाकून राम राम केला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला. भाऊंनी तिथल्याच मोतीलाल नावाच्या ड्रायव्हरला गाडीवर घेतलं. मिस्तरीला त्या संध्याकाळी वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. घरी जाऊन तो दोन भाकरी जास्त जेवला.

बारा दिवसांनी भर दुपारी तोच ट्रक परत दारात आला. मोतीलाल लीलाधरभाऊंकडून मिस्तरीसाठी केळीचा घड घेऊन आला होता. मोतीलाल म्हणजे वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, माळकरी, विडीलाही न शिवणारा. सभ्य माणसाप्रमाणं त्यानं इंजिन बंद केलं, चपला काढल्या, घड फरशीवर ठेवला, दोन शब्द बोलला आणि परत जाऊन सेल्फ मारला.

सेल्फ फिरला, इंजिनही फिरलं, पण पेट घेईना. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

“असंच करते कधीकधी, नाना,” मोतीलाल खिडकीतून म्हणाला. “म्हणून मी वाटेत बंदच करत नाही. जराशी गार झाली की होते सुरू. चहा सांगा.”

मिस्तरीनं चहावाल्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. चहा! जळगावला चहा, भुसावळला दोनदा चहा, इथं चहा. दर वेळी गाडी बोलायला आली आणि दर वेळी आपण तिला चहा पिईपर्यंत गप्प बसवलं. ती गार झाली, आणि गार इंजिनानं येऊन भटूविरुद्ध साक्ष दिली.

“उतरू नको,” तो ओरडला. “मी सांगतो तेव्हा सेल्फ मार.”

आयुष्यात पहिल्यांदा तो तापलेल्या इंजिनात हात घालणार होता. आधी मागं जाऊन सायलेंसरजवळ उभा राहिला आणि सेल्फ मारायला लावला. धुराचा पत्ता नाही. डिझेल सिलिंडरात जात असतं आणि नुसतं पेटत नसतं, तर पांढरा धूर आला असता. म्हणजे डिझेल जातच नव्हतं. मग इंजिनात हात घालून पंपाचा स्क्रू ढिला केला, कोपरापर्यंत कातडी चरचरली, तरी पंपालाच जोडलेला छोटा हातपंप दाबला. स्वच्छ डिझेल आलं, एक बुडबुडा नाही. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत वाट मोकळी, हवा कुठंच नाही. आता एकच जागा उरली होती. त्यानं सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या नळीची चक्की, म्हणजे नट, सैल केली आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. जिथून चिळकांडी उडायला हवी, तिथं नुसता ओलावा आला. कपाळावर घाम यावा तसा.

पाणी प्यायच्या माठात गोणपाट बुचकळून त्यानं पंपावर गुंडाळलं. वाफ निघाली. पुन्हा बुचकळलं, पुन्हा गुंडाळलं. शेजारपाजारचे मिस्तरी बघायला आले, पण त्याचा चेहरा बघून कुणी काही विचारलं नाही. इंजिन अजून तव्यासारखं तापलेलं होतं, गार झाला होता तो फक्त पंप.

“मार सेल्फ.”

नळीतून डिझेलची चिळकांडी उडाली ती थेट मिस्तरीच्या बंडीवर. त्यानं चक्की आवळली. पुढच्या सेल्फला इंजिन धडाडून सुरू झालं. मिस्तरी तिथंच बंपरवर टेकला. म्हैस उठली होती.

दुपारभर पंप उघडून तो खोलीत एकटा बसला. एलिमेंट काढली, डिझेलमध्ये बुडवली, बोट लावलं. दट्टा हळूच, राजासारखा खाली उतरला. बोट म्हणत होतं, ठेव. मग त्यानं चहावाल्याकडून उकळतं पाणी मागून घेतलं, त्यात डिझेलची वाटी ठेवली, डिझेल चांगलं तापू दिलं आणि तोच दट्टा त्यात बुडवून सोडला. टप्. एका क्षणात खाली. दुसरा, तिसरा, सहाच्या सहा तसेच. तापून पाण्यासारखं पातळ झालेलं डिझेल फटीतून मागं पळत होतं. इंजिन जोरात फिरत असलं तर हे उणेपण झाकून जातं. सेल्फच्या संथ फेऱ्यांना दाब बनतच नाही.

उस्ताद प्रत्येक दट्टा दोनदा पारखायचा, एकदा गार आणि एकदा गरम. म्हणायचा, हा मुलूख गरम आहे, इथं थंडीतली पारख कामाची नाही. कौतिकनं ती दुसरी पारख दहा वर्षांपूर्वी सोडून दिली होती. बोटावर भरवसा बसला होता ना! ही एलिमेंट त्यानं मार्गशीर्षातल्या सकाळी पारखली होती. डिझेल गारठून जड झालेलं, दट्टा हळू उतरणारच. आणि त्यावर ‘क’ ठोकून तो मोकळा झाला होता.

आता खरी अडचण पुढंच होती. मोतीलालला काही कळलेलं नव्हतं. नवी एलिमेंट दोन्ही वेळा पारखून टाकली, सील लावलं, की जगात कुणाला पत्ता लागणार नव्हता. मिस्तरीच्या मनात हे आलं नाही असं नाही. चांगलं दहा मिनिटं रेंगाळलं. पण भटूनं केलेला राम राम आठवला. रागानं चावी फेकून गेला असता तर बरं झालं असतं. ज्याला मिस्तरीनं खोटं ठरवलं, त्याला आग्रा रोडवर दुसरा ट्रक मिळणार नाही, हे मिस्तरीइतकं कुणाला माहीत होतं?

संध्याकाळी हाताला खोबरेल लावता लावता त्यानं ताईबाईला सगळं सांगितलं. म्हणाला, “लीलाधरभाऊले फोन करस. भटूले चिठ्ठी धाडस.”

ताईबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, “बोलनात ते चार लोकेसमोर. आनि माफी चिठ्ठीमा मांगतस?”

नवरा-बायकोच्या संसारात अशी वेळ क्वचित येते, की बायको बरोबर आहे हे नवऱ्याला त्याच क्षणी पटतं. नाहीतर निदान दोन दिवस लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं शेजारच्या मिस्तऱ्यांना खोलीत बोलावलं, गरम वाटी आणि गार वाटी दोन्ही दाखवल्या आणि आपल्या हातानं ते जुनं सील सगळ्यांसमोर ठेवलं. तेव्हापासून त्या रांगेत नवा रिवाज पडला: आधी गरम गाडी बघायची, चहा नंतर. लीलाधरभाऊंना फोन लावून सगळं सांगितलं. भाऊ म्हणाले, “त्याला म्हणावं, गाडी तुझीच आहे.” मोतीलालला मिस्तरीनं दुसऱ्या ट्रकवर लावून दिलं. आणि नव्या एलिमेंटवर बांधलेला पंप बसवून झाल्यावर साक्रीमार्गे पिंपळनेरची एसटी धरली.

भटू बाजाराच्या आवारात सापडला. कांद्याची गोणी पाठीवर घेऊन एका ट्रकच्या फळीवरून वर चढत होता. आठ वर्षं ट्रकच्या पुढं बसलेला माणूस आता ट्रकच्या मागं लागला होता. मिस्तरी खाली उभा राहिला. गोणी टाकून भटू वळला, त्याला बघितलं आणि फळीवरून हळूहळू उतरला.

“भटू, चूक मनी व्हती, तुनी नही. गरम व्हयना का पंप दाब सोडी देस. मी देखं.”

“गरम असतांना देखं?”

“गरम असतांनाच. हात भाजी लिधा.” मिस्तरीनं हात पुढं केला.

भटूनं त्या फोडांकडे नीट बघितलं. वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल. मिस्तरी तयारीनंच आला होता. भटू फक्त म्हणाला, “माले काय सांगतस, नाना? माले तं पहिलेपासून माहीत व्हतं. मनी मायले सांगा.”

वाटेत त्यानं चार वाक्यांत सांगितलं. बाप दारूनं मेला होता. दारूपायीच शेत गेलं, बैल गेले. म्हणून भटू थेंबाला शिवत नसे. आणि तो टॉवेल-डबा घेऊन घरी आला, त्याच्या मागोमाग लळिंगची बातमीही आली. पोरगा बापाच्या वळणावर गेला असं समजून म्हातारी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नव्हती. भाकरी करून झाकून ठेवायची आणि शेजारी जाऊन बसायची. बायको कमल आखाजीला माहेरी गेली होती, ती परत यायची होती. दोन आठवडे त्या घरात आवाज असा नव्हता.

भटूची माय तानुबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. मिस्तरी समोर उकिडवा बसला, हात जोडले आणि म्हणाला, “अक्का, मी धुयाना कौतिक मिस्तरी. तुमना पोऱ्यानी काही चूक नव्हती. चूक मनी व्हती.”

“काय?” म्हातारी म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं.

“चूक मनी व्हती!”

“कोनी?”

“मनी! मनी चूक! गाडी खराब व्हती, आनि मी सांगं का चांगली शे!”

गल्लीतली दारं उघडली. बायका बाहेर आल्या, पारावरची माणसं उठून जवळ आली. आग्रा रोडवर जमली होती त्याच्या दुप्पट माणसं जमली. आयुष्यभर दुसऱ्यांवर ओरडलेला माणूस घाम गाळत, गळ्याच्या शिरा ताणून स्वतःचीच चूक ओरडत होता. कुणीतरी फिसकन हसलं, पण दुसऱ्या कुणी त्याला साथ दिली नाही.

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. “पेल नव्हता?”

“नही, अक्का! पेल नव्हता! एक थेंब नही!”

तिनं मान वळवून भटूकडे बघितलं. भटू ओट्याच्या खांबाला धरून उभा होता. दोन आठवड्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली, आणि बोलली तीही रागानंच. “मंग तू माले सांगं काबर नही?”

भटू तिच्याकडे वाकला. “सांगं ना, माय. घर उनू, त्याच दिन सांगं.”

मिस्तरीनं मान खाली घातली. त्यालाही सांगितलं होतं, त्याच दिवशी, लिंबाखाली, दोनदा.

म्हातारीनं हात लांब करून भटूचं मनगट धरलं, त्याला खाली ओढून आपल्याजवळ बसवलं आणि गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्या लोकांना सांगितलं, “हा सांगत व्हता. मीच ऐकं नही.”